साडूनं कोरलेला कश्कूल

६ फेब्रु., गुरुवार. टोकावडे.
चांदबाबा फकीर आले. ओटीवर बसून चहा घेतला आणि सहज सांगितलंन, नवा कश्कूल रघूकडून करून घेतोय, जुन्यात आता भीक राहत नाय. वीस वर्षं त्या होडीसारख्या लाकडी भिक्षापात्राला लाख भरली मी, पितळी पट्ट्या मारल्या मी, आणि नवा करायला माझा साडू! बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

९, रविवार.
शहापूरला गेलो. हिला बहिणीला भेटायचं होतं. मी कशाला गेलो ते माझं मला माहीत.
बघितला. शिवणीच्या लाकडाचा. गळ्यात अडकवायची साखळीसुद्धा त्याच ठोकळ्यातून कोरलेली, कुठं सांधा नाय. कडीत कडी फिरते. मला सात जन्मात जमणार नाय. जळलो. लिहून टाकतो, कोण वाचतंय.
हातात घेतला तर जड, गार. लाकूड ओलं. कोरल्यावर दोन महिने भाताच्या तुसात पुरायला हवा, म्हणजे सावकाश सुकतो, नायतर तडकतो. रघू खुर्च्या-टेबलं करणारा. तेल लावून उन्हात ठेवलेलान.
"कसा झालाय, दादा?"
"झकास."

१३, गुरु.
बाबा आले नाय. ही दोनदा म्हणाली, भावजींच्या हातात जादू आहे. धड जेवलो नाय. रंधा मारताना अंगठा सोलला. रघूला फोन करावा का... कशाला? तडकू दे. बघू दे सगळ्यांना.

२०, गुरु.
बाबा आले, गळ्यात नवा कश्कूल. अजून कुणाच्या दारात गेले नव्हते. जुना ज्यानं सांभाळला त्याच्या घरची पहिली मूठ, ही म्हणे त्यांच्या पीराची रीत. मला आजवर माहीत नव्हतं.
तांदूळ घातला. चार दाणे बुडातून खाली पडले. बाबांना दिसतं कमी, बोटानं बूड चाचपलंन.
"दत्ता, रघू म्हणाला, तू बघितलेलास ना हा? ओलं लाकूड तुला कळलं नाय?"
"नाय कळलं, बाबा."
बरं म्हणाले. खाली बसून चारही दाणे शोधून वेचलेन, आणि गेले.
तडा अजून साखळीपर्यंत पोचलेला नाय. आज तुसात गाडला तर तिथंच थांबेल. पण मग शहापूरच्या त्या रविवारचं सगळं सांगावं लागेल, बाबांना आणि रघूलाही.
तुसाचं पोतं भरून ओटीवर ठेवलंय. बाबा अजून खालच्या आळीतच आहेत, आवाज येतोय.