सलीमचाचांचा स्क्रू ड्रायव्हर

मंगळवार संध्याकाळ, बेलापूर

चौकात आमच्या वीज कंपनीचं चार्जिंग स्टेशन झालंय. आज मी त्याला लाइन जोडून दिली. वायरमनचं काम, केलं आणि संपलं. मग घास का उतरत नाही?

शेजारीच सलीमचाचांचं गॅरेज आहे. चालू इंजिनाला स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि बिघाड सांगायचा, ही त्यांची पद्धत. माझ्या वडिलांची स्कूटरही त्यांनी अशीच जपली.

पहिली बॅटरीवरची रिक्षा चार्जिंगला लागली. चाचांनी तिला स्क्रू ड्रायव्हर टेकवून कान लावला.

"काहीच बोलत न्हाई रं ही."

तेवढ्यात चार्जर घुमायला लागला, तसे ते स्क्रू ड्रायव्हर घेऊन तिकडे वळले. चार्जरचं झाकण मीच उघडं ठेवलेलं. मी ओरडलो, त्यांच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर हिसकावला.

"चाचा, करंट हाय त्यात. तुमाला काय कळतंय यातलं?"

करंट आहे, एवढंच सांगायचं होतं. पुढचं कशाला बोललो मी, सगळ्यांदेखत?

"बरं बाबा," म्हणाले आणि गॅरेजात जाऊन बसले.

स्क्रू ड्रायव्हर माझ्या पिशवीतच राहिला. लाकडी मूठ, झिजून गुळगुळीत झालेली. दिवस मावळेपर्यंत मी तिथंच होतो, चाचाही समोरच बसलेले.

मागायला आले नाहीत.