पिराजी रेषेपलीकडे होता

४ ऑगस्ट

गारगोटीचा एक पावणा आज शाळकरी लेकीला घेऊन रेंजवर आला. नेमबाजी शिकवायची म्हणाला. बोलता बोलता शर्ट वर करून कमरेचं रिव्हॉल्व्हर दाखवलं! म्हटलं, "पावणं, हे घिऊन आत न्हाय यायचं." तर, "लायसन हाय की!" असेल. इथे फक्त हवेची रायफल, हवेचं पिस्तूल. खुद्द कलेक्टर आला तरी हेच उत्तर. गाडीत ठेवतो म्हणाला. गाडीतही नको. घरी ठेवून या.

जाताना जिन्यातून ओरडला, "पोटच्या पोरीला हाकललं म्हणं ह्यानं, आमची काय कथा!"

हाकललं नाही. सहा महिने बंदी घातली. फरक आहे दोन्हींत. दिवसभर जेवण गेलं नाही.

९ ऑगस्ट

संयूचा फोन— अर्थात तिच्या आईला. ही स्पीकर लावून भाकऱ्या थापते. मला ऐकू यावं म्हणूनच, पण कबूल करायची नाही. मी पेपर धरून बसतो. पुण्यात पाऊस. हॉस्टेलची आमटी पाणचट. शेवटी, "ते बरे हायत न्हवं?"

ते! बाबा नाही— ते.

१५ ऑगस्ट

रेंज बंद. तरी गेलो. पिराजी झाडत होता. त्याने पुन्हा विषय काढलाच. "सायेब, पोरीनं नुसता फ्लॅग सरळ केलता. मला कुटं काय झालं?"

फ्लॅग म्हणजे नळीतून घातलेली नारिंगी दोरी. रायफल रिकामी आहे हे लांबूनही दिसावं म्हणून. संयूची वाकडी झाली होती, तिने सरळ केली. पण पिराजी तेव्हा रेषेपलीकडे होता, अडकलेलं टारगेट सोडवत, आमच्याकडे पाठ करून. माणूस पुढे असताना हत्याराला बोटसुद्धा लावायचं नाही. हे तिला मीच शिकवलेलं. राज्य स्पर्धा तोंडावर होती तिची. सगळ्या पोरांदेखत बाहेर काढली. दुसरं कुणी असतं तरी काढलं असतं. आजही काढीन!

बंदी एप्रिलात संपली. आली नाही.

घरात तिची खोली मी उघडत नाही. आठवण येते. फार येते. नियम बरोबर होता म्हणून ती कमी येत नाही.

२८ ऑगस्ट

विभागीय स्पर्धा आमच्या रेंजवर! ही म्हणाली, "संयू येणार हाय. मैत्रिणीकडं उतरणार म्हणती." गावात बापाचं घर असताना!

२ सप्टेंबर

एसी दुरुस्त. दिवे नवीन. भिंतीला रंग. ही म्हणते, "लगीन काढलंय काय रेंजवर?"

९ सप्टेंबर

संघटनेला सांगितलं, पोरीच्या वेळी दुसरा रेंज ऑफिसर बसवा. ऐकलं नाही. "गुण मशीन देतंय. तुमी नुस्त्या आज्ञा द्यायच्या. तुमच्यागत कडक दुसरा कोण घावणार?" खरं सांगायचं तर मी फार जोर लावलाच नाही.

१४ सप्टेंबर

आली. केस कापलेत. बारीक झाली आहे. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी "लोड" म्हणालो, तिने भरली. "स्टार्ट" म्हणालो, तिने सुरू केलं. इतक्या दिवसांत पोरीने माझं ऐकलं ते एवढंच!

सुरेख मारत होती. मी मागे उभा. काय वाटलं ते लिहिता येत नाही.

सामना अर्ध्यावर आला आणि तिचा हात वर. रायफलची तक्रार असली की नेमबाजाने जागा सोडायची नाही, नळी टारगेटकडेच ठेवून हात वर करायचा. रेंज ऑफिसरने स्वतः जायचं. गेलो. हळूच म्हणाली, "ट्रिगर जड लागाय लागलाय. बगा की, बाबा."

बाबा!

वाकून तपासला. खांद्याला खांदा लागला. ट्रिगर चोख. म्हटलं, "ठीक हाय." ती म्हणाली, "बरं." पुढे बोलायची मुभा नाही. मागे येऊन उभा राहिलो.

रायफलमध्ये दोष नसला की गेलेला वेळ भरून मिळत नाही. शेवटचे शॉट घाईत मारले. फायनल थोडक्यात हुकली. मग मात्र मनातून भडकलो. इतकी वर्षं घोकून घेतलं आणि स्वतःच्या ट्रिगरचं वजन कळू नये? हे शिकवतात का पुण्यात? बक्षीस समारंभाच्या गडबडीत ती कधी निघून गेली कळलंच नाही.

१६ सप्टेंबर

फोन ठेवून ही माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "ट्रिगरला कायबी झालं नव्हतं तिच्या. हात वर केल्याबिगर बाबा माझ्याजवळ आलंच नसतं, म्हणती."