शून्य रेषेवरची पायरी

प्रिय ठमे,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे, दोन वेळा जेवतो, दुकान वेळेवर उघडतो. फळीवरचे अँप्लिफायर मात्र कमी झालेत. बिघडला की लोक सरळ नवा आणतात. दिवसात दोन माणसं आली तरी पुष्कळ. तुझी आई गेल्यापासून दुपारचा डबाही मी दुकानातच, एकटाच उघडतो.

गेल्या महिन्यात गाण्याच्या क्लासच्या बाई त्यांचा जुना अँप्लिफायर घेऊन आल्या. म्हणाल्या, "काका, मोठ्या आवाजात झकास चालतो, पण मुली हळू गायल्या की खरखरतो." ऐकताक्षणीच दुखणं ओळखलं. तुलाही ओळखता आलं असतं. तू सात-आठ वर्षांची असताना समोरच्या स्टुलावर बसून माझं डोकं खायचीस. माइकमधून येणारा आवाज इतका मरतुकडा, त्यानं एवढा मोठा स्पीकर कसा हलतो, हा तुझा पहिला प्रश्न. मी सांगितलं होतं, तो एका दमात मोठा होत नाही. आधी त्याचा ताण, म्हणजे व्होल्टेज, वाढवायचा, मग शेवटी ते दोन दांडगे ट्रान्झिस्टर जोर लावतात. लाकूड कापणारे दोघे जण एकच करवत धरतात ना, तसे. एक ढकलतो, दुसरा ओढतो. आणि बाहेर पडलेल्या आवाजातला चिमूटभर परत सुरुवातीला आणून मूळ आवाजाशी ताडून बघायचा, फरक पडला असेल तर तिथल्या तिथे सुधारायचा. त्यावर तू विचारलंस, "बाबा, एकानं सोडलं आणि दुसऱ्यानं अजून धरलं नाही, तर मध्ये कोण?" मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून तुझ्याकडे बघतच राहिलो. मध्ये कोणीच नसतं, म्हणून तर खरखर होते. मोठ्या आवाजात ती झाकली जाते, हळू आवाजात उघडी पडते. त्यासाठी आवाज नसतानाही दोघांमधून थोडासा करंट वाहता ठेवायचा. कमी पडला तर खरखर, जास्त झाला तर दोघेही तापून जळणार.

तो करंट मी आयुष्यभर कानानं लावला. बारीक सूर सोडायचा, छोटा स्क्रू केसभर फिरवायचा, खरखर गेली की थांबायचं. बाईंचा अँप्लिफायरही तसाच लावून दिला. दोन दिवसांत परत आल्या. मी पुन्हा ऐकलं, आवाज काचेसारखा स्वच्छ. स्पीकर फाटला असेल म्हणून त्यांना वाटेला लावलं. गेल्या आठवड्यात त्या तिसऱ्यांदा आल्या, या खेपेला सोबत दुसऱ्याचा स्पीकरही घेऊन. मी जरा चिडलोच. त्यांची खोड मोडावी म्हणून कपाटातून आवाज पडद्यावर दाखवणारा तो ऑसिलोस्कोप काढला, धूळ पुसून जोडला. पडद्यावर गोलसर लाट यायला हवी होती. आली, पण शून्याची रेषा ओलांडताना दर वेळी तिला एक छोटी पायरी पडत होती. खरखर होती, ठमे. डोळ्यांना दिसत होती आणि मला ऐकू येत नव्हती. बाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्या काहीतरी बोलल्या असाव्यात, कारण मग पुढे येऊन, तोंडाकडे बघत सावकाश म्हणाल्या, "काका, मी तीनदा हाक मारली."

पडद्याकडे बघत बघत मी ती पायरी घालवली. बाई खूश होऊन गेल्या. मी शटर ओढून कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदावर आलेख काढून दाखवला. जाड आवाज शाबूत आहेत, बारीक गेलेत. डॉक्टर म्हणाले, शब्दांचे कंगोरे बारीक आवाजातच असतात, त्यामुळे माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. कानातलं मशीन सांगितलंय. तोही एक इवलासा अँप्लिफायरच. यायला दीड महिना लागेल.

दीड महिना माझ्याच्यानं थांबवणार नाही. वर्षभर मी फोनच्या लाइनला शिव्या देत होतो. तू बोलायचीस आणि मी नुसत्या सुरावरून अंदाज बांधून हं, बरं, छान म्हणत राहायचो. बहुतेक वेळा निभावून जायचं. मागच्या फोनवर तू बराच वेळ बोललीस, मध्येच थांबत होतीस. मी म्हणालो, "छान, छान झालं." त्यावर तू फोन ठेवलास. त्याला आज पाच आठवडे झाले. मला वाटलं, कामात असशील. आता कळतंय. पोरी, तू काय सांगितलंस त्यातला एक शब्दही माझ्यापर्यंत पोचला नव्हता. जे काही होतं ते छान नव्हतं, एवढंच मला उमगलंय. ते मला लिहून कळव. लिहवत नसेल तर कागदावर नुसतं 'या' लिही, मी मिळेल त्या गाडीनं निघतो.

पोस्टमनची वाट बघणारा,
तुझाच
बाबा