आरोपी उशी

३ जानेवारी, सकाळ
मान उजवीकडे वळत नाही. कारण उघड आहे: नवी उशी. जाहिरातीत म्हणे, ढगावर डोकं ठेवल्यासारखं वाटेल. पहिल्या रात्री नको तेवढी मऊ, दुसऱ्या रात्रीपासून धोंडा. असला माल! आणि मी मोठ्या मनाने माझी जुनी उशी बायकोला देऊन टाकली. तिची मान लग्नापासून दुखते, म्हटलं तेवढाच आराम.
कंपनीला कोर्टात खेचणार. शिवाय रोज मानेचा व्यायाम.

४ जानेवारी
व्यायाम राहिला. दुखऱ्या मानेने व्यायाम कसा करणार?

२० जानेवारी
वकील गाठला. म्हणाला, दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतील. अशा उशीने माणसाची मान दुखू शकते, ही एक. तुमची मान याच उशीने दुखली, दुसऱ्या कशाने नाही, ही दुसरी. म्हटलं, मान माझी, उशी माझी, आणखी काय हवं? म्हणाला, डॉक्टर हवा.

२ फेब्रुवारी
फॅमिली डॉक्टर फितूर. 'उशीमुळेच' असं लिहून द्या म्हटलं, तर म्हणतो, शक्यता नाकारता येत नाही एवढंच लिहीन. वर विचारतो, अजून सोफ्यावर मान लटकवून टीव्ही बघता का? जुने कागद काढून म्हणतो, तुमची मान तर आधीपासून दुखते. सांगितलं, ते दुखणं वेगळं. ते घरगुती होतं.
इतकी वर्षं याच्या कडू गोळ्या गिळल्या. हे फळ!

१९ फेब्रुवारी
हाडांचा स्पेशालिस्ट. हा खरा शास्त्रज्ञ. म्हणाला, उशी सोडा, दुखणं जातं का बघा. मग पुन्हा घ्या, पुन्हा येतं का बघा. तसं झालं तर छातीठोक साक्ष देतो.

५ मार्च
आठवडाभर उशीशिवाय झोपलो. मान मोकळी!

१२ मार्च
उशी पुन्हा घेतली. मान पुन्हा आखडली. दुखण्याचा इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. बायको म्हणाली, कशाला ही कोर्टकचेरी, टाकून द्या ती उशी. म्हटलं, अगं, पुरावा आहे तो! अभ्र्यासकट पिशवीत घालून सील करून घेतली. आता झोप नाही आली तरी बेहत्तर, घडी केलेल्या चादरीवर झोपेन.
बायको हल्ली सकाळी गुणगुणत असते. माझ्या दुखण्याचं कुणाला काही नाही.

७ जून
पुढच्या महिन्यात कोर्टात बायकोची साक्ष आहे. तयारी करून घेतली. विचारतील तेवढंच सांगायचं, खरं सांगायचं, फाटे फोडायचे नाहीत. ती म्हणाली, अहो, त्याआधी तुम्हाला एक सांगायचं होतं. गप्प केलं. साक्षीदाराने आधी बडबड केली की केस कच्ची होते.
व्यायाम निकालानंतर.

१८ जुलै, संध्याकाळ
स्पेशालिस्ट काय बोलला! उशी सोडली, दुखणं गेलं, घेतली, आलं, म्हणजे कारण हीच उशी. मी कंपनीच्या वकिलाकडे बघून हसलो. त्याने शांतपणे अभ्रा काढायला सांगितला.
आतून माझी जुनी उशी निघाली. कोपऱ्यात चहाचा डाग. मीच पाडलेला.
मग त्याने बायकोला विचारलं, कंपनीची उशी कुठे आहे? म्हणाली, माझ्याकडे. पहिल्या रात्री हे फार मऊ, फार मऊ म्हणून कुरकुरत होते, म्हणून मी सकाळी आतल्या उश्या बदलल्या. आणि तुमची मान? त्याने विचारलं. न्यायाधीशांकडे वळून म्हणाली, एकदम छान आहे हो. दोन्ही बाजूंना वळवून दाखवली!
स्पेशालिस्ट म्हणाला, माझा निष्कर्ष कायम आहे, फक्त उशी बदलली. कंपनीच्या वकिलाने बायकोला हात जोडले.
माझ्याच घरात, माझ्याच अभ्र्यात, माझ्याच बायकोने! इतके महिने शेजारी झोपून! फार लागलं मनाला.

१९ जुलै
दावा फेटाळला. बायकोला जाब विचारला. म्हणाली, तीनदा सांगायला आले, तुम्ही बोलू दिलंत का? आणि सांगितलं असतं तर उशी परत घेतली असतीत. म्हटलं, आता तरी दे. नाही म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच इतकं सरळ नाही म्हणाली.
कोर्टातून निरोप आला, तुमची उशी घेऊन जा. आणायला गेलो नाही. उशीशिवाय झोपतोय.
मान अजिबात दुखत नाही. हे घरात कुणाला कळता कामा नये.