न हललेले चाळीस सेकंद

ठाकुर्ली, मंगळवार

तीर्थरूप प्रमोदिनीमावशीच्या चरणी ऋजुताचा दंडवत (मनातल्या मनात; आमच्या वनबीएचकेत आडवं पडायला जागा कुठे!). मधुकाकांचा गुडघा काय म्हणतो? फोन न करता पत्र लिहितेय, कारण मी फोनवर नुसतं हॅलो म्हटलं तरी आई गॅस बारीक करून ऐकते.

तर आमच्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. सेक्रेटरी बाबुरावकाकांना इमारतीचा वरून काढलेला व्हिडिओ हवा झाला, आणि मी आगाऊपणा करून म्हटलं, ऑफिसातल्या मितेशकडे छोटा ड्रोन आहे. (मितेश घोडबंदर रोडचा, तिथल्या जुन्या गावातला. त्याच्याबद्दल खाली.) ड्रोन तळहाताएवढा, कोरा करकरीत. आईने तो पाहिला मात्र, नवं वाहन म्हणून ताम्हन घेऊन गच्चीवर हजर! कुंकवाचं बोट बरोब्बर कॅमेऱ्याच्या काचेवर, आणि पोटाखाली लिंबू-मिरची. मितेशची काय बिशाद नको म्हणायची! उलट आईच्या पाया पडला. ड्रोन उडाला, लिंबू झुलायला लागलं, आणि लिंबाबरोबर ड्रोनही. व्हिडिओत आमची इमारत लालभडक आणि झोपाळ्यावर बसल्यासारखी इकडून तिकडे. बाबुरावकाका तो मोबाईलवर बघून जिन्यातच मटकन बसले. संध्याकाळी नोटीस लागली की इमारत हलते आहे, तातडीने तपासणी करावी. पहिल्या मजल्यावरच्या मंजुळाकाकू तर बॅग भरून कल्याणला भावाकडे गेल्या. हसून हसून माझं पोट दुखलं गं!

परवा रविवारी पुन्हा घाट घातला. लिंबू गुपचूप सोडवलं, काच चष्म्याच्या फडक्याने पुसली. वेळ सकाळी साडेसहाची, खाडीवरचा वारा सुटायच्या आत. मितेश म्हणाला, उडवल्यावर आधी त्याला जरा स्थिरावू दे, मग एकाच दिशेने, सावकाश, झोपलेल्या बाळाचा पाळणा हलवतात तसं. माझा अंगठा पडला धसमुसळा, म्हणून रिमोटवर त्याने आपला अंगठा माझ्या अंगठ्यावर ठेवला. मावशी, तो ड्रोन चाळीस सेकंद जागचा हलला नाही. आम्हीही नाही. (इथे मी लाजतेय असं समज.)

गोची अशी की कॅमेरा चालू होता आणि त्याचं तोंड आमच्याकडे. कार्ड बाबुरावकाकांनी तिथल्या तिथे काढून खिशात घातलं. आता म्हणे येत्या रविवारी हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, मोठ्या पडद्यावरच बघायचं!

तुझी,
(आनंदाने आणि घाबरून अर्धी झालेली) ऋजुता

ता. क. : मला मितेशशीच लग्न करायचंय, मावशी. आईला ते पडद्यावर कळण्याआधी तू येऊन सांग. तू स्वतः घरच्यांशी भांडून सारस्वतांत गेलीस, तुला जमेल. मला फार भीती वाटतेय गं.

ता. क. २ : पाकीट आईच पोस्टात टाकणार आहे. काळजी करू नकोस, ती दुसऱ्यांची पत्रं वाचत नाही.

पमे, मी ताई. वाचलं. माझी समजूत घालायला येऊ नकोस, मला मुलगा पसंत आहे. अडलंय ते पलीकडे. काल ही ऑफिसात असताना मितेशची आई, तुळसाबाई, येऊन गेल्या. म्हणाल्या, आमचे घरान रोज म्हावरा लागतं, तुमची पोर वासानेच पळेल. रविवारी पुन्हा येणार आहेत. मासे करायला तू सासरी शिकलीस, तेव्हा मिळेल त्या गाडीने निघ. रविवारच्या आत हिला बांगडा साफ करता आला पाहिजे, आणि मला तो बघता.