भावोजींच्या दगडावरची पिवळी चिठ्ठी

नोरहाउन,
नोव्हेंबरचा तिसरा मंगळवार (पाऊस आडवा)

तीर्थस्वरूप इंगरताईस,

धाकट्या विगोचा नमस्कार. तुझे गुडघे, दातांचे डॉक्टर भावोजी आणि त्यांची बोट, तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. (बोटीची चौकशी आधी केली असती तर त्यांना जास्त बरं वाटलं असतं, ठाऊक आहे.) माझी प्रकृती बरी म्हणायची. खोकला आहे, पण तो आता घरचाच झालाय.

पत्राला कारण आस्गर भावोजी, तुझे पहिले. लगेच घडी घालून ठेवू नकोस. माणूस जाऊन चाळीस वर्षं झाली, तुमचा संसार अकरा महिन्यांचा, तू त्यांचं नाव काढत नाहीस आणि मी दुसरं कुणाचं काढत नाही, हे तू मागच्या नाताळात म्हणालीस ते खरंच आहे. पण एकोणतिसाव्या वर्षी मोटार झाडावर घालून गेलेला नट एकोणतीसचाच राहतो गं. मी एकोणसाठचा झालो. स्वतःहून तीस वर्षांनी लहान माणसाला मी भावोजी म्हणतो म्हणून बेकरीत लोक हसतात, पण आता या वयात दुसरं काय म्हणायला शिकू?

त्यांच्या शेवटच्या चित्रपटात बंदरावर मासळीची पेटी उचलणाऱ्या माणसाच्या खांद्यावर ते हात ठेवतात, तो खांदा माझा. (तोंड कापलंय, पण खांदा पूर्ण आहे.) त्या तीन सेकंदांवर मी चाळीस वर्षं काढली. देखणे नट पुष्कळ झाले. पण हे नुसते दाराशी उभे राहिले तरी वाटायचं, हा माणूस आता जाणार, कुणीतरी याला थांबवा. कुणी थांबवलं नाही. (तुला बोलत नाहीये.)

पुण्यतिथीला त्यांच्या थडग्यावर पूर्वी दोन बस भरून बायका यायच्या, रडरड रडायच्या. यंदा आम्ही तिघं. मी, गेरडाबाई (आपण कुणासाठी येतो ते तिला आता आठवत नाही, पण फुलं छान आणते), आणि एक जर्मन गृहस्थ, जे शौचालय कुठे ते विचारायला आले होते आणि शेवटपर्यंत टोपी काढून उभे राहिले. भाषण मीच केलं. तेव्हाच दगडावरची पिवळी चिठ्ठी दिसली. चिठ्ठी लागली म्हणजे काय ते तुला सांगायला नको. थडग्याच्या जागेची भाडेमुदत सरली, नातेवाइकांनी दफनभूमीच्या कचेरीत यावं, नाहीतर दगड उचलून त्याची रस्त्याला खडी. भावोजींवरून लोक सायकली नेणार, या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

मग मी अक्कल चालवली. चिठ्ठी हलक्या हाताने सोडवली आणि शेजारच्या हेडमास्तर क्लाउसनांच्या दगडावर लावून आलो. त्यांच्याकडे कधी कुणी फिरकत नाही, आणि भूगोलात त्यांनी मला दोनदा नापास केलं होतं. तेवढाच वेळ मिळेल असं वाटलं. पण कचेरीचा आपल्या चिठ्ठीवर केवढा विश्वास. गुरुवारी गाडी आली आणि हेडमास्तरांचा दगड उचलून घेऊन गेली. रविवारी त्यांची मुलगी, अकरा वर्षांत पहिल्यांदाच, फुलांचं चक्र घेऊन आली, तर वडिलांच्या जागी सपाट वाळू. बाई आधी खाली बसल्या, मग कचेरीत गेल्या, आणि तिथून त्यांचा आवाज बंदरापर्यंत आला.

दफनभूमी सांभाळणारी बोडिल सरळ माझ्या घरी आली. म्हणाली, "विगो, बावीस वर्षं मी हे काम करतेय. मेलेल्यांनी मला कधी त्रास दिला नाही. जिवंतांत तू एकटाच भेटलास." हेडमास्तरांची खडी अजून झाली नव्हती; त्यांना हातगाडीवरून परत न्यायला मीच. वाटेत ढास लागली तशी तिने मला त्यांच्या दगडावरच बसवलं आणि विचारलं, किती दिवस चाललंय हे. म्हटलं, हवा बदलली की होतं. पुढे गाडी तिनेच ढकलली. (तिचं कामच असं आहे, तिला अंदाज येतो.)

चिठ्ठी परत भावोजींवर आहे, या वेळी चांगल्या गोंदाने. मी म्हटलं, मुदत मी वाढवतो. तर बोडिल म्हणे, "तू कोण? मेव्हणा कागदात बसत नाही. त्यांची आई वारल्यावर जागा बायकोच्या नावावर आलीय. तिची सही आण, पंधरा डिसेंबरच्या आत." म्हणजे तुझी. बाकी सगळीकडे तू डॉक्टरीणबाई, पण त्या वहीत अजून त्यांचीच बायको आहेस. मला ते वाचून बरं वाटलं. तुला वाटणार नाही, कळतं मला. ते निघाले तेव्हा तुमचं भांडण झालं होतं, हे तू मला एकदाच सांगितलंस, आणि मी त्यानंतर कधी विचारलं नाही. पण ताई, पुरे आता. झाडाकडे मोटार तू वळवली नव्हतीस.

भावोजींना नमस्कार. बोटीलाही.

तुझा,
विगो

ता. क. अर्ज सोबत आहे. सहीच्या जागी फुली मारलीय, तिथे सही कर आणि पाठव. बाकीचा वाचत बसू नकोस.

पुन्हा ता. क. तू वाचशीलच, म्हणून मीच सांगतो. ती जागा दोघांची आहे. दुसरी तुझ्यासाठी राखलेली होती. 'पुढे येथे कोण' या रकान्यात मी माझं नाव घातलंय. हा नुसता खोकला नाही, ताई. इस्पितळातला डॉक्टर पुढच्या उन्हाळ्याबद्दल विचारलं की खिडकीबाहेर बघतो. तू तर तिकडे ओडेन्सलाच डॉक्टर भावोजींशेजारी विसावणार, म्हणून विचारतोय. पण तुला स्वतःला इकडे यायचं असेल, तर माझं नाव खोड. मी पेन्सिलीनेच लिहिलंय.