सुतकातली शपथ

९ मे, मंगळवार

निकाल लागला. सरकार कुणाच्याच पदरात पडलेलं नाही. भ्रमरांबा अक्कांचा पक्ष पहिला, पण बहुमताच्या काठाच्या अलीकडे. कोदंडय्या दुसरे — म्हणजे आमचे. ‘आमचे’ लिहून गेलो खरा. राज्यपालाला पक्ष नसतो! पक्षाचा राजीनामा देऊनच इथे आलो. तरी सकाळपासून दिल्लीहून माथुरजींचे दोन फोन झाले. पक्षातली जोडतोड त्यांच्याकडे असते. म्हणाले, घाई नको, घटनेचा अभ्यास करा.

या राजभवनात आल्यापासून मी पुष्कळ अभ्यास केला आहे. मागच्या सरकारची दोन विधेयकं अभ्यासासाठीच दाबून ठेवली होती. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी सरकारने लिहून दिलेलं भाषण राज्यपालाने वाचायचं असतं. त्यातला एक परिच्छेद मी गाळला. त्या आठवड्यात जिल्ह्याजिल्ह्यात माझे पुतळे जळाले. टीव्हीवर बघितले. पुतळ्याचं नाक माझ्यापेक्षा बरं होतं.

११ मे, गुरुवार

अक्का आमदार घेऊनच आल्या. बसमधून उतरवले, हिरवळीवर ओळीने उभे केले, अपक्षांसकट. मला म्हणाल्या, “मोजून घ्या, राज्यपालसाहेब. मागाहून चुकलं म्हणू नका.” मोजले. काठाच्या वर दोन. बिचारे उन्हात निथळत होते. निकालापासून एका रिसॉर्टात कोंडलेले, त्यामुळे एकाचाही शर्ट इस्त्रीचा नव्हता. सगळ्यांना सरबत पाजलं.

आता अभ्यास करायला काही उरलंच नाही. निमंत्रणाचं पत्र दिलं. म्हटलं, उद्या शपथ घ्या. अक्कांनी मागे वळून पाहिलं. मागे त्यांचे शास्त्री — रेशमी उपरणं, बगलेत पंचांग. उद्या चालत नाही. परवाही नाही. रविवारी, अकरा चाळीस.

हातातोंडाशी आलेला घास बाई मुहूर्तासाठी ताटात ठेवून उठल्या. माथुरजींना कळवलं, तर ते मनापासून हसले.

१३ मे, शनिवार

एक अपक्ष सकाळी गायब होता. संध्याकाळी परत आला. पोट बिघडलं होतं म्हणे.

१४ मे, रविवार

उजाडता उजाडता माथुरजींचा फोन. आवाज पडलेला. “त्रिलोकनाथजी, भाईसाहेबांचं ऐकलं. फार वाईट झालं.” मला काही कळेना. दोनदा विचारावं लागलं.

भैया गेला. माझा सख्खा थोरला भाऊ गेला, आणि ते मला दिल्लीने सांगितलं! गावाहून ललनचा फोन त्यानंतर आला. ललन भैयाचा मुलगा. त्याला पुढच्या वर्षी तिकीट हवं आहे, म्हणून बाप गेल्याची वर्दी आधी तिकडे दिली, मग चुलत्याला.

माथुरजींनी सगळं ठरवून ठेवलं होतं. विमान तयार आहे, दुपारी दरभंग्याला उतराल, अग्नी द्यायच्या वेळेला पोचाल. आणि मग म्हणाले, “तेरा दिवस सगळं नीट करा. थोरला भाऊ म्हणजे बापच. सुतकात कसली शपथ देताय? तुमच्या जागी दुसरा कुणी पाठवायचा तर तो आम्हीच पाठवायचा, आणि आम्हाला काही घाई नाही. याला कुणी नावं ठेवणार नाही हो.”

खरंच कुणी ठेवली नसती. तेरा दिवसांत कोदंडय्यांनी अक्कांचे आमदार फळं वेचावीत तसे वेचले असते. इतकी निर्दोष युक्ती मला स्वतःला माझ्या भराच्या काळातही सुचली नव्हती.

भैया आणि मी आणीबाणीत एकाच बराकीत होतो. सभेत बोलायला त्याने शिकवलं. बाहेर आल्यावर तो होता तिथेच राहिला. मी सरकत गेलो. तिसऱ्या पक्षात गेलो तेव्हा गावात माझी मिरवणूक निघाली. भैया तळ्याच्या काठी उभा होता. सगळ्यांदेखत म्हणाला, “त्रिलोक, खुर्ची दिसली की तुझे गुडघे आपोआप वाकतात बघ.” माझी माणसंसुद्धा हसली. त्यानंतर मी त्याच्या अंगणात पाय ठेवला नाही.

पद्मा रडत होती. आमच्या मिथिलेत धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराशी बोलायचं नसतं. भैया खाकरून अंगणात यायचा आणि ही आत पळायची. जन्मभरात एक शब्द बोलली नाही, चेहरा धड पाहिलेला नाही. आणि आम्हा दोघांत रडली ती हीच. तिने माझी बॅगही भरून ठेवली होती.

मी जात नाही म्हटलं. तिला वाटलं, जुनी अढी.

“अहो, आता तरी सोडा. गेला तो माणूस.”

“म्हणूनच जात नाही. मी गेलो की हे लोक त्याच्या चितेवर आपली पोळी भाजून घेतील.”

“आणि सुतकात शपथ देणार? त्या बाईला?”

“भैयाने काय सांगितलं असतं?”

ती म्हणाली, “ते म्हणाले असते, आधी शपथ दे.” बॅग तिनेच उघडली आणि कपडे कपाटात ठेवले.

कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं. अकरा चाळीसला शपथ दिली. अक्का खणखणीत बोलल्या. नंतर पाया पडायला वाकल्या तेव्हा मी दोन पावलं मागे सरलो — सुतकात नमस्कार घेत नाहीत. त्यांना वाटलं, हार पचली नाही म्हाताऱ्याला. चेहऱ्यावर दिसलं.

संध्याकाळी माथुरजी. “गेला नाहीत?” म्हटलं, नाही, जरा कामात होतो. त्यांनी फोन ठेवला. मला आनंद झाला. भाऊ गेल्याच्या दिवशी माणसाला आनंद व्हावा हे बरं नव्हे, पण झाला.

१५ मे, सोमवार

ललनने फोटो पाठवला. आंब्याची लाकडं रचलेली. चेहरा झाकलेला आहे.

१८ मे, गुरुवार

पद्मा स्वतः रांधते. एक वेळ भात, बिनमिठाचा. खानसामा मुनिस्वामी हवालदिल झाला आहे. रक्तदाबाचं कारण सांगितलं, तर त्याने डॉक्टरच बोलावून आणला! डॉक्टर म्हणाला, रक्तदाब उत्तम आहे.

अक्कांनी खाती वाटली. बहुमत सिद्ध करायला मी पाच जूनपर्यंत मुदत दिली आहे. ते झालं की कुणाला काही करता येणार नाही.

२३ मे, मंगळवार

दहावा दिवस. आज केस द्यायचे. मी टाळणार होतो. राज्यपालाचं मुंडण झाकून राहत नाही, आणि लोक दिवस मोजतात. पण पद्मा सकाळी समोर येऊन उभी राहिली.

“खांदा द्यायला गेला नाहीत. मी अडवलं नाही. केस तरी द्या.”

न्हावी आला. इकडच्या माणसाला मुंडण म्हटलं की एकच आठवतं. त्याने विचारलं, “साहेब, बालाजीचा नवस?” हो म्हटलं की संपत होतं. आयुष्यभर याहून मोठमोठी खोटी पचवली. पण तोंडातून निघालं, भाऊ गेला.

“अरेरे. कधी?”

“दहा दिवस झाले.”

वस्तरा क्षणभर थांबला. मग त्याने काम पुरं केलं, आणि आरसा न दाखवताच गेला.

२४ मे, बुधवार

सगळ्या वाहिन्यांवर माझं डोकं. ‘सुतकात शपथ!’ पाच ज्योतिषी एका वेळी बोलतात. घटनेवर वाद होता तेव्हा एवढी माणसं टीव्हीसमोर बसली नव्हती.

कोदंडय्या म्हणाले, हे सरकार जन्मतःच विटाळलेलं आहे.

२६ मे, शुक्रवार

तेरावा. पद्माने मासा केला. आमच्याकडे मासा खाल्ला की सुतक फिटतं. गावात आज पंगती उठल्या असतील, ललन वाढपात पुढे असेल. इथे आम्ही दोघंच. समुद्राच्या माशाला आमच्या तळ्यातल्या रोहूची चव नाही. पद्मा म्हणाली, “झालं आता सगळं.” मलाही तसंच वाटलं.

२९ मे, सोमवार

अक्का आल्या. आधी शास्त्री आत आले. उंबऱ्यावर पाणी शिंपडलं, मग बाई आत. खुर्चीवर घालायला घरून पांढरं कापड आणलं होतं. माझा एडीसी, मुनिस्वामी, सगळे बघत होते. चहा आला. अक्कांनी हात लावला नाही. पाणीही नाही.

“तुम्ही मला सांगायला हवं होतं,” त्या म्हणाल्या.

“सांगितलं असतं तर शपथ घेतली असती?”

“मुळीच नाही.”

“मग तुम्ही तेरा दिवस थांबला असता. तोवर तुमचे आमदार थांबले असते?”

“माझ्या माणसांची काळजी तुम्ही नका करू. शास्त्री म्हणतात, मढं घरात असलेल्या माणसाच्या तोंडची शपथ आहे ही. पाच तारखेला ठराव पडणार.”

मढं. भैयाला ती मढं म्हणाली. आजवर लोकांनी मला काय काय म्हटलं — पलटू, दलाल, दिल्लीची कळसूत्री बाहुली. कधी झोप उडाली नाही. हा शब्द मात्र लागला. इतका राग मला कित्येक वर्षांत आला नव्हता. भावाची चिता सोडून मी या बाईला खुर्चीवर बसवलं, आणि ती माझ्या घरचं पाणी पीत नाही.

त्यांना शपथ पुन्हा हवी आहे. आता माझं सुतक फिटलं, मुहूर्तही आहे. मी नियम सांगितला: दुसरी शपथ अशी नसते. आधी राजीनामा द्यावा लागेल, तो मंजूर व्हावा लागेल, मगच. त्यांनी शास्त्रींकडे पाहिलं. शास्त्रींनी पंचांगाकडे.

“गुरुवारी. नऊला राजीनामा, अकराला शपथ. चालेल?”

“चालेल,” मी म्हटलं.

हे म्हणताना माझ्या मनात काही नव्हतं. इथे खोटं लिहून काय मिळवायचं आहे?

३० मे, मंगळवार

राजीनामा द्यायला निघालेली मुख्यमंत्री, निव्वळ पुन्हा मुख्यमंत्री व्हायला! त्यांच्या पक्षात एकानेही सांगितलं नसेल का, की बाई, मधले दोन तास तुम्ही कुणीच नसाल? सांगितलं असेल. पण पंचांगापुढे कोण बोलतो? आमच्या पक्षातही कुणी बोललं नसतं.

३१ मे, बुधवार

माथुरजींचा फोन. चौदा तारखेनंतर पहिल्यांदाच. तक्रार नाही, उलट मध. आधी पद्माची चौकशी केली. मग म्हणाले, ऐकतो ते खरं का? खरं, म्हटलं. “राजीनामा हातात आल्यावर पुढे कुणाला बोलवायचं हा सर्वस्वी तुमचा अधिकार. मी आपला सांगून ठेवतो. कोदंडय्या राजधानीतच आहेत.” मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

दुपारी अक्कांची माणसं दरबार हॉल शुद्ध करायला आली. मी परवानगी दिली होती. गोमूत्र शिंपडलं, जाजमं धुतली. शपथेच्या दिवशी मी ज्या खुर्चीवर बसलो होतो ती दोघांनी उचलून मागच्या अंगणात नेऊन ठेवली. नवी आणली. मी वरच्या खिडकीतून बघत होतो. मुनिस्वामीने वर पाहिलं आणि मान खाली घातली.

पद्मा म्हणाली, “मनावर घेऊ नका. उद्या एकदा शपथ दिली की सुटलात.” बरोबर आहे. एक कागद वाचायचा, बाईने तो म्हणायचा. भैया असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं. फोन कुणाचा होता, असं तिने विचारलं. मी म्हटलं, हवापाण्याचा.

१ जून, गुरुवार

नऊला राजीनामा आला. मंजूर केला. अकराच्या मुहूर्तावर शपथ दिली — कोदंडय्यांना.

भैया गेला तो आज.